पदव्युत्तर शिक्षणासाठी विद्यापीठात जाताना: पहिल्या तासापूर्वीची तयारी

कयाधूकाठची

सर्व सदस्यांना नमस्कार.

मी हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यातली आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातून रसायनशास्त्र विषय घेऊन यंदा बी.एस्सी. पूर्ण केले आणि छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात एम.एस्सी.ला माझा प्रवेश निश्चित झाला आहे. आमच्या घरातून विद्यापीठात जाणारी मी पहिलीच आहे, त्यामुळे तेथे काय काय लागते हे सांगणारे जवळचे कोणी नाही. वर्ग साधारण दोन आठवड्यांत सुरू होणार आहेत.

माझ्या मनात तीन प्रश्न आहेत. पहिला प्रश्न कागदपत्रांचा आहे. माझी पदवी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची आहे आणि आता मी दुसऱ्या विद्यापीठात जात आहे, तर नेहमीच्या कागदांखेरीज आणखी काय जमवावे लागेल? दुसरा प्रश्न अभ्यासाचा आहे. महाविद्यालयात आमची पुस्तके इंग्रजी होती, पण सर शिकवायचे मराठीत. तेथे तास इंग्रजीत होतात असे ऐकले आहे. मला वाचलेले समजते, पण कानावर पडलेले वाक्य संपेपर्यंत पुढचे सुरू होते आणि मी मागे राहते. या पंधरा दिवसांत नेमके काय वाचावे, म्हणजे पहिल्याच आठवड्यात धीर सुटणार नाही?

तिसरा प्रश्न विचारावा की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. आमचे सहा एकर रान आहे. सोयाबीन आणि थोडी हळद आहे. यंदा पाऊस लांबल्याने पेरणी उशिरा झाली आणि आता खुरपणी ऐन भरात येणार आहे. बाबांचे म्हणणे असे की प्रवेश झालाच आहे, फी भरली आहे, तेव्हा पोळा झाल्यावर जावे. सुरुवातीला कोणी फारसे शिकवत नाही. त्यांचे चुकते असे मी म्हणू शकत नाही, कारण मजूर मिळत नाहीत आणि आईच्या गुडघ्यांनी साथ सोडली आहे. परंतु उशिरा गेल्याने खरोखर किती नुकसान होते, हे मला जाणत्यांकडून समजून घ्यायचे आहे.

बेगमपुऱ्यातील खोली

ताई, तुझे अभिनंदन. मी त्याच परिसरात दुसऱ्या विभागात एम.एस्सी.च्या द्वितीय वर्षाला आहे आणि मूळची परभणी जिल्ह्यातली आहे. नांदेड विद्यापीठाची पदवी घेऊन आलेल्या मुलींपैकी मीही एक, म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते.

तुला स्थलांतर प्रमाणपत्र लागेल. ते तुझे महाविद्यालय देत नाही. ज्या विद्यापीठाची पदवी आहे ते विद्यापीठ देते आणि त्यासाठी वेगळा अर्ज व शुल्क असते. माझ्या वर्गातील निम्म्या मुलांना ही गोष्ट वर्ग सुरू झाल्यावर कळली. प्रवेशाच्या वेळी सहसा हमीपत्र लिहून घेतात आणि मुदत देतात, परंतु ती मुदत संपत आली की तास सोडून नांदेडला चकरा माराव्या लागतात. तू अजून घरी आहेस, तेव्हा हे काम आत्ताच कर. त्यासोबत महाविद्यालय सोडल्याचा दाखला, सर्व सत्रांची गुणपत्रके आणि पात्रतेचा अर्ज लागतो. दाखल्याची मूळ प्रत जमा केली की ती परत हाती येत नाही, म्हणून जमा करण्यापूर्वी तिच्या चार-पाच छायाप्रती काढून साक्षांकित करून ठेव.

दुसरे म्हणजे शैक्षणिक श्रेयांक (क्रेडिट) बँकेचे खाते. डिजिलॉकरमधून बारा अंकी क्रमांक मिळतो आणि आता परीक्षेचे श्रेयांक त्यावर जमा होतात. पदवीच्या वेळी तू तो काढला असशील, तर नवा काढू नकोस, तोच दे. आधार कार्डावरील नाव आणि गुणपत्रकावरील नाव अक्षरशः जुळते का, हे मात्र आज रात्रीच पाहा. माझ्या आधारवर वडिलांचे नाव आधी आणि गुणपत्रकावर आडनाव आधी होते. एवढ्यावरून परीक्षेच्या अर्जापर्यंत अडचण आली होती.

राहण्याविषयी सांगायचे तर वसतिगृहाची यादी प्रवेशानंतर लागते आणि ती लागेपर्यंतचे दिवस स्वतःच काढावे लागतात. बेगमपुरा आणि पहाडसिंगपुरा हे दोन्ही भाग विद्यापीठाला लागून आहेत. तेथे मुलींसाठी कॉट बेसिसवर खोल्या मिळतात. खोली पाहताना भाड्याआधी पाण्याचे विचार. या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. टाकी किती मोठी आहे, पाणी किती दिवसांनी येते, टँकर मागवला तर पैसे कोण देते, हे तीन प्रश्न घरमालकाला स्पष्ट विचारून मगच आगाऊ रक्कम दे. झाकणाची बादली आणि एक कॅन घरूनच आण. बाकी सामानाची काळजी करू नकोस. गुलमंडी आणि औरंगपुऱ्यात सगळे मिळते आणि औरंगपुऱ्यात जुनी पुस्तकेही मिळतात.

प्रयोगशाळेसाठी पूर्ण बाह्यांचा सुती ॲप्रन आण. अर्ध्या बाह्यांचा ॲप्रन आणि सिंथेटिक ओढणी घेऊन आलेल्या मुलींना पहिल्याच प्रात्यक्षिकात बाहेर थांबावे लागले होते.

मांजराकाठ

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी लातूर भागातला असून काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर शिक्षण घेतले. आमच्या विभागात पहिले दोन-तीन आठवडे प्रवेशाच्या पुढील फेऱ्याच सुरू होत्या, वर्गात दहा-बारा मुले असत आणि प्राध्यापक परिचय करून घेऊन सोडून देत. घरी शेतीची निकड असेल तर तीन आठवडे थांबून जाण्यात फार बिघडत नाही, असे मला वाटते. राहिलेल्या टिपणांच्या झेरॉक्स मिळतात. घरच्यांना अडचणीत टाकून गेलेल्या मुलाचे मनही अभ्यासात लागत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

निवृत्त अध्यापक

मी मराठवाड्यातील महाविद्यालयांत आणि पदव्युत्तर केंद्रांत मिळून तीस वर्षांहून अधिक काळ रसायनशास्त्र शिकवले. या धाग्यावर मूळ प्रश्नकर्तीने जो तिसरा प्रश्न संकोचाने विचारला आहे, तोच माझ्या दृष्टीने पहिला आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

मांजराकाठ यांनी सांगितलेली परिस्थिती मी पाहिली आहे आणि ती खोटी नाही. परंतु ती जुन्या रचनेतली आहे. राज्यात 2023-24 पासून पदव्युत्तर अभ्यासक्रम नव्या शैक्षणिक धोरणानुसार श्रेयांकांवर चालतात आणि त्यामुळे हजेरीचा हिशेब बदलला आहे. तो हिशेब मी येथे मांडतो. मुलीने तो वडिलांपुढे कागदावर मांडावा. शेतकऱ्याला हिशेब कळतो, केवळ आग्रह पटत नाही.

सैद्धांतिक विषयाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात 15 तास. चार श्रेयांकांचा विषय असेल तर 60 तास, म्हणजे 15 आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला चार. परीक्षेला बसण्यासाठी 75 टक्के हजेरी लागते, म्हणजे 45 तास भरलेच पाहिजेत आणि संपूर्ण सत्रात फक्त 15 तास चुकवण्याची मुभा राहते. तीन आठवडे उशिरा गेल्यास त्यातील 12 तास सुरुवातीलाच संपतात. उरलेल्या तीन तासांत पुढील तीन महिन्यांचे आजारपण, घरचे लग्नकार्य, दिवाळीला जाता-येता मोडणारे दिवस आणि ऐन काढणीच्या वेळी घरी जाण्याची गरज हे सर्व बसवावे लागेल. ते बसत नाही. ज्या सुट्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणीला खऱ्या उपयोगी पडल्या असत्या, त्या खुरपणीतच खर्च होतात. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक 30 तासांचा असतो आणि तेथे तर चुकलेला प्रयोग झेरॉक्स काढून भरून येत नाही.

हजेरीपेक्षाही मोठे नुकसान ज्या गोष्टींची कोठे नोंद होत नाही त्यांत होते. पहिल्या आठवड्यात प्रात्यक्षिकाच्या तुकड्या पडतात, जोडीदार ठरतात, काचसामानाचे कप्पे वाटले जातात. कोणत्या विषयाचे अंतर्गत मूल्यमापन कशाने होणार, चर्चासत्र कोणत्या महिन्यात, प्रकल्पासाठी मार्गदर्शक कसे मिळतात, हे शिक्षक एकदाच सांगतात आणि ते पहिल्याच आठवड्यात सांगतात. मी पाहिलेली अनेक हुशार मुले पोळ्यानंतर आली, कोणाच्याच तुकडीत नीट बसली नाहीत, मागच्या बाकावर गेली आणि दुसऱ्या सत्रापर्यंत तेथेच राहिली. त्यांना विषय जड गेला असे सर्वांना वाटले, त्यांना स्वतःलाही तसेच वाटले. वास्तविक त्यांना सुरुवात मिळालीच नव्हती. याचे मला आजही वाईट वाटते, कारण त्या वेळी त्यांच्या घरी दोन ओळींचे पत्र पाठवणे मला शक्य होते आणि ते मी प्रत्येकाच्या बाबतीत केले नाही.

आता अभ्यासाविषयी. पंधरा दिवसांत एम.एस्सी.चा अभ्यास पुढे नेण्याच्या फंदात पडू नये. बी.एस्सी.चेच चार भाग पक्के करावेत. सेंद्रिय रसायनात स्टिरिओकेमिस्ट्री आणि मेकॅनिझम: बाण इलेक्ट्रॉनकडून निघून कोठे जातो, हे न पाहता काढता आले पाहिजे. त्रिमितीय रचना डोळ्यांसमोर येत नसतील तर भिजवलेले हरभरे आणि काड्या घेऊन प्रतिकृती कराव्यात. चार वेगवेगळ्या रंगांचे मणी असतील तर अधिक चांगले. असेंद्रियात रेणूंचे आकार आणि त्यांची सममिती, कारण पुढे ग्रुप थिअरी त्याच पायावर उभी राहते. भौतिक रसायनात विकलन आणि संकलन यांचा सराव. क्वांटमचे तास सुरू झाल्यावर अडते ते बहुधा बारावीच्या गणितात, रसायनात अडत नाही. चौथा भाग म्हणजे द्रावणांची आकडेमोड. अमुक नॉर्मल, अमुक मोलर द्रावण तयार करा म्हटल्यावर जो विद्यार्थी वहीच्या मागच्या पानावर दोन मिनिटांत गणित करतो, त्याच्यावर प्रयोगशाळेत विश्वास टाकला जातो. रोज दहा उदाहरणे करावीत.

वडिलांना एक गोष्ट माझ्या वतीने सांगावी. त्यांची अडचण मला समजते. खुरपणी आठ दिवस पुढे-मागे झाली तर नुकसान होते, हे मीही शेतकऱ्याच्या घरात वाढल्याने जाणतो. म्हणून मी अडचण नाही असे म्हणत नाही. तिला दुसरा मार्ग शोधावा असे म्हणतो.

कयाधूकाठची

सर, आपण एवढ्या आपुलकीने लिहिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. तासांचा हिशेब मी वहीवर उतरवून ठेवला आहे आणि संध्याकाळी बाबांना दाखवणार आहे. बेगमपुऱ्यातील ताई, माझ्या आधारवरील नाव आणि गुणपत्रकावरील नाव जुळते. स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज मात्र राहिलाच होता, तो उद्या करते.

इंग्रजीविषयी अजून थोडे मार्गदर्शन मिळावे. परीक्षेत लिहिण्याची मला फारशी भीती वाटत नाही. वर्गात सर्वांसमोर प्रश्न विचारण्याची वाटते. पदवीच्या तीन वर्षांत मी वर्गात इंग्रजीत एकही वाक्य बोललेली नाही.

दुधनाकाठचा शेतकरी

मी जालना जिल्ह्यातला शेतकरी आहे आणि येथे बहुतेक वेळा वाचण्यासाठीच येतो. मुलीच्या वडिलांच्या जागी मी सहा वर्षांपूर्वी होतो, म्हणून लिहावेसे वाटले.

माझा मुलगा पदव्युत्तर वर्गाला लागला त्या वर्षी दुबार पेरणी झाली होती. बियाण्याचे पैसे दोनदा गेले होते आणि गडी लावण्याची ऐपत नव्हती. मी त्याला म्हणालो, कपाशीला पहिली फवारणी होऊ दे, मग जा. तो काही बोलला नाही. महिना गेला. तो गेला तेव्हा वसतिगृहाची यादी लागून जागा भरल्या होत्या, म्हणून वर्षभर बाहेर खोलीचे भाडे भरावे लागले. जेवढी मजुरी मी वाचवली होती, तिच्या कितीतरी पट पैसे त्या खोलीत गेले. पैशाचे तेवढे दुःख नाही. पहिल्या सत्रात त्याचे दोन विषय राहिले आणि त्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा माझ्याशी नजर देऊन बोलत नव्हता. त्याने मला कधी दोष दिला नाही. तो पुढे पास झाला, आज नोकरीत आहे, परंतु ते वर्ष त्याला सुखाचे गेले नाही आणि त्याला कारण मी होतो, हे मी जाणून आहे.

मुलीच्या बाबांना माझे हात जोडून सांगणे आहे की खुरपणीसाठी सावड करून पाहावी. आमच्या गावात आता पाच-सहा घरांनी मिळून पुन्हा सावड सुरू केली आहे. आज तुमच्या रानात सगळ्यांनी, उद्या आमच्या. मजुरीचा रोख पैसा लागत नाही आणि काम दोन दिवसांत उरकते. मुलगी पोळ्याला एक दिवस घरी येईल, बैलांना ओवाळील आणि दुसऱ्या दिवशी परत जाईल. तिला काढणीच्या वेळी चार दिवस बोलवा, तेव्हा तिची खरी गरज असते.

आणि ताईने जाताना धपाटे, शेंगदाण्याची चटणी व येसर सोबत न्यावे. मेस लागेपर्यंतचे चार दिवस त्यावर निघतात आणि खोलीतल्या बाकीच्या मुलींशी ओळखही त्यानेच होते.

अर्जफाटा

मी एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे टेबल सांभाळतो. कागदपत्रांवर चांगली माहिती आली आहे, तिला पैशाच्या बाजूची जोड देतो.

महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न बँक खात्यात जाते. येथे मुले एक चूक हमखास करतात. खात्याला आधार क्रमांक जोडलेला असणे आणि शासनाकडून येणारी रक्कम त्या खात्यात यावी यासाठी आधारचे सीडिंग झालेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत जाऊन ‘थेट लाभ हस्तांतरणासाठी माझे सीडिंग झाले आहे का’ असे स्पष्ट विचारावे. पूर्वी शाळेत असताना उघडलेल्या दुसऱ्याच खात्याला सीडिंग असते, ते खाते व्यवहार नसल्याने बंद पडलेले असते आणि पैसे तेथे जाऊन अडकतात. अशी प्रकरणे माझ्या टेबलावर दरवर्षी येतात.

उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागतो आणि तो तहसील कार्यालयाकडून मिळतो. अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून करता येतो. ज्यांना लागू आहे त्यांनी जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर यांच्या मूळ प्रती एका फाइलमध्ये व छायाप्रती दुसऱ्या फाइलमध्ये ठेवाव्यात. नॉन-क्रीमीलेअरवर त्याची मुदत छापलेली असते, ती वाचावी.

योजनांची नावे माहीत नसल्याने अर्जच केला जात नाही, असे फार घडते. खुल्या प्रवर्गातील आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आणि इतर मागास व भटक्या विमुक्त प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. प्रत्येक योजनेत कोणता अभ्यासक्रम बसतो, हे अर्ज भरण्यापूर्वी पाहावे. मुलींना पूर्ण शुल्कमाफी मिळते असे आता सगळीकडे बोलले जाते, पण जुलै 2024 चा तो शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, साध्या एम.एस्सी.ला तो लागू आहे असे गृहीत धरून घरचा हिशेब मांडू नये.

शिष्यवृत्ती हप्त्यांत येते आणि पहिला हप्ता सत्राच्या सुरुवातीला हाती पडत नाही. म्हणून पहिल्या चार महिन्यांचा खर्च तिच्यावर अवलंबून न ठेवता बांधावा. विद्यापीठात ‘कमवा व शिका’ योजना आहे. तिचे अर्ज सत्राच्या आरंभी घेतात आणि जागा मर्यादित असतात. वेळेवर पोहोचण्याचे हेही एक कारण आहे. येण्या-जाण्याच्या खर्चात एसटीत महिलांना मार्च 2023 पासून अर्धेच तिकीट आहे, त्यामुळे पोळ्याला घरी येण्याचा खर्च फार होणार नाही.

निवृत्त अध्यापक

इंग्रजीविषयी विचारले, ते बरे झाले.

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलीजवळ विषयाची समज असते. तिच्याजवळ नसते ती दुसऱ्या नावाची सवय. क्षपण म्हणजे काय हे तिला नीट माहीत असते, पण ‘रिडक्शन’ हा शब्द कानावर पडल्यावर तो क्षपणापर्यंत पोहोचायला एक क्षण जातो आणि तेवढ्यात शिक्षक पुढे गेलेले असतात. संप्लवन, विद्राव्यता, उत्प्रेरक, अनुमापन, संयुजा यांचेही तसेच. यावर उपाय म्हणजे एका वहीत डावीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत, मध्ये त्याचे इंग्रजी स्पेलिंग आणि उजवीकडे मराठी शब्द लिहून रोज वीस शब्द मोठ्याने वाचणे. मोठ्याने वाचणे महत्त्वाचे आहे, कारण अडचण डोळ्यांची नाही, कानांची आहे. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश केलेले आहेत आणि ते इंटरनेटवर पाहता येतात. मराठी विश्वकोशही तेथे आहे. एखादी संकल्पना आधी विश्वकोशात मराठीतून वाचावी आणि मग त्याच विषयावरील एनपीटीईएलचे (आयआयटींच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांचे) व्याख्यान वेग कमी करून ऐकावे. रोज एकच, परंतु तेच दोनदा. दुसऱ्यांदा ऐकताना किती कळते, हे पाहून तिला स्वतःलाच धीर येईल.

भाषेची ही उडी आपल्या भागाला नवी नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना येथील मुले उच्च शिक्षणासाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहत आणि 1918 मध्ये सुरू झालेल्या त्या विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. घरात मराठी बोलणाऱ्या मुलांनी गणित आणि विज्ञान उर्दूतून शिकले. माझ्या वडिलांच्या पिढीतील कितीतरी लोक पाढे मराठीत म्हणत आणि भूमितीचा सिद्धांत उर्दूत सांगत. मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958 रोजी स्थापन झाले, नांदेडचे 1994 मध्ये. त्या आधीच्या पिढीने जे अधिक कठीण परिस्थितीत केले, ते आजची मुलगी करू शकते याविषयी माझ्या मनात शंका नाही.

प्रश्न विचारण्याविषयी: आदल्या रात्री एक प्रश्न वहीत पूर्ण वाक्यात लिहून न्यावा आणि तो वाचून विचारावा. वाचून विचारण्यात काहीही कमीपणा नाही. तेही पहिल्या आठवड्यात जमले नाही तर तास संपल्यावर शिक्षकांच्या मागे जाऊन मराठीत विचारावा. बहुतेक शिक्षक याच मातीतले आहेत, त्यांना मराठीत विचारलेला चांगला प्रश्न इंग्रजीतल्या शांततेपेक्षा अधिक आवडतो.

बेगमपुऱ्यातील खोली

एक गोष्ट राहिली होती. प्रवेशानंतर रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक या दोघांनाही ऑनलाइन भरावे लागते. बरेच जण ते सायबर कॅफेवाल्याकडून न वाचता भरून घेतात. तू स्वतः वाचून भर आणि बाबांनाही वाचून दाखव, म्हणजे त्यांचीही काळजी कमी होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाची मदतवाहिनी 1800-180-5522 ही चोवीस तास सुरू असते; क्रमांक फोनमध्ये साठवून ठेव. मला तो कधी लावावा लागला नाही, पण फोनमध्ये आहे या विचाराने पहिल्या रात्री झोप लागली होती.

मांजराकाठ

सरांनी मांडलेला 60 आणि 45 तासांचा हिशेब मी लक्षात घेतला नव्हता. माझ्या वेळचा अनुभव मी आजच्या विद्यार्थिनीला सल्ला म्हणून द्यायला नको होता, म्हणून माझा सल्ला मागे घेतो. तिने पहिल्या दिवशीच वर्गात असावे.

कयाधूकाठची

सर्वांना कळवण्यास आनंद होतो की बाबांनी होकार दिला. त्यांनी तासांचा हिशेब शांतपणे पाहिला, पण खरे तर दुधनाकाठच्या काकांचा प्रतिसाद मी वाचून दाखवला तेव्हा ते उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. परत आल्यावर त्यांनी विचारले, ‘बस किती वाजता आहे?’ शेजारच्या दोन काकू आणि माझी मावशी अशा तीन घरांची सावड ठरली आहे. आमच्या रानात मंगळवारी आणि बुधवारी खुरपणी होईल, त्यात मीही असेन, आणि शनिवारी मी निघेन. औंढा, जिंतूर, जालना या मार्गाने बाबा सोबत येणार आहेत. त्यांना विभाग आणि खोली स्वतः पाहायची आहे.

स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज केला. बँकेत सीडिंगची चौकशी केली, तेव्हा अर्जफाटा यांनी सांगितले तसेच निघाले: माझे सीडिंग आठवीत उघडलेल्या जुन्या खात्याला होते. ते बदलण्याचा अर्ज दिला आहे. शब्दांच्या वहीत आजपर्यंत 140 शब्द झाले आहेत. आई स्वयंपाक करताना मी ते मोठ्याने वाचते आणि आता तिलाही ‘कॅटॅलिस्ट’ म्हणजे उत्प्रेरक हे पाठ झाले आहे.

कयाधूकाठची

पहिला आठवडा पूर्ण झाला, म्हणून लिहीत आहे.

पहिल्या दिवशी वर्गात आम्ही चौदा जण होतो. परिचय झाला, परंतु त्यानंतर सरांनी लगेच शिकवण्यास सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी प्रात्यक्षिकाच्या तुकड्या पडल्या; माझी जोडीदार बीड जिल्ह्यातील आहे आणि तीही माझ्यासारखीच इंग्रजीला बिचकते, त्यामुळे आम्ही दोघी रात्री एकमेकींना शब्द विचारतो. पहिला प्रयोग ऑक्झॅलिक आम्लाचे प्रमाणित द्रावण करण्याचा होता. गणित मी मागच्या पानावर केले आणि ते बरोबर आले.

तासातील निम्मे बोलणे अजून निसटते. शुक्रवारी ग्रुप थिअरीच्या तासाला मी लिहून नेलेला प्रश्न वाचून विचारला. आवाज कापत होता. मॅडमनी तो फळ्यावर लिहिला, इंग्रजीत उत्तर दिले आणि नंतर तेच दोन वाक्यांत मराठीत सांगितले.

सध्या पहाडसिंगपुऱ्यात खोली घेतली आहे. टाकी मोठी आहे, ते आधी पाहिले. ‘कमवा व शिका’चा अर्ज भरला. मेस सोमवारपासून लावली, तोपर्यंत धपाटे पुरले. माझ्या वर्गात प्रवेश घेतलेले नऊ जण अजून आलेले नाहीत आणि त्यांतील दोन मुले किनवटकडची असल्याचे यादीवरून कळले. त्यांच्यापैकी एकाचा क्रमांक विभागातून मिळाला, तेव्हा तासांचा हिशेब आणि स्थलांतर प्रमाणपत्राची माहिती त्याला कळवली आहे. वसतिगृहाची यादी पुढील आठवड्यात लागणार आहे. ती लागली की येथे लिहीन.